खुर्चीला विचारणारी विहीण

अमरावती आणि अकोला या दोन जिल्ह्यांतल्या शिक्षणखात्यात अशी एकही रिकामी खुर्ची नसेल, जिच्याशी माझ्या जावेच्या आईचं एकदा तरी बोलणं झालेलं नाही. भरलेल्या खुर्चीशी कोणीही बोलतं, त्यात काय मोठंसं. तुम्ही-आम्ही कचेरीत जातो, साहेब जागेवर नसले की कपाळाला हात लावतो, खात्याच्या नावानं दोन शब्द पुटपुटतो आणि उन्हातून परत येतो. ही बाई तसं करत नाही. साहेब नसले तर ती खुर्चीला विचारते. हात जोडून, डोक्यावरचा पदर सारखा करून, खुर्चीच्या पाठीवर टाकलेल्या त्या पांढऱ्या सरकारी टॉवेलकडे बघत ती सगळी हकीकत पहिल्यापासून सांगते. मग मान जराशी तिरपी करून ऐकते, मधूनमधून "हो, हो" म्हणते, आणि उठून बाहेर येते. इथपर्यंत मी हसून सोडून दिलं असतं. घरोघरी असं एखादं माणूस असतंच. पण खुर्चीनं सांगितलेलं कधी खोटं निघत नाही, तिथं माझं हसू थांबतं.

जावेचं माहेर अकोल्याचं. जाऊ आणि दीर राहतात आमच्याच घरात वरच्या मजल्यावर, पण आईचे गुडघे दुखतात म्हणून तिचा मुक्काम खाली माझ्याकडे. माझ्या सासूबाईंची ती विहीण, मी तिला मावशी म्हणते. दहावी-बारावीचे निकाल लागले की मावशी अमरावतीला आल्याच म्हणून समजा. सोबत एक कापडी पिशवी. तिच्यात शेंगदाण्याची चटणी, अडकित्ता, रुमालात बांधलेली सुपारी आणि नात्यातल्या कुठल्यातरी अडलेल्या लेकराचे कागद. कोणाची शिष्यवृत्ती अडकलेली, कोणाला वसतिगृह मिळेना, कोणाच्या दाखल्यावर बापाचं नावच भलतं. पोरांचे आईबाप हात टेकून बसलेले असतात आणि ही सत्तरीची बाई पायाला भिंगरी लावून हिंडते. "इचारलं नाई तर सांगन कोन?" एवढंच तिचं म्हणणं. बरं, तिला स्वतःला खात्यातलं काही कळतं म्हणावं, तर तेही नाही. मागच्या वर्षी तिनं शिष्यवृत्तीची चौकशी दूध डेअरीवर केली होती. तिथं माणूस होता, त्यानं चुकीचं सांगितलं. माणसांचं हे असंच असतं, असं मला तेव्हा ऐकावं लागलं.

मी पहिल्यांदा हा प्रकार पाहिला तो अमरावतीच्या बसस्टँडवर. तिवस्याच्या कुण्या पुतणीचं काम होतं, आणि जाऊबाई आजारी म्हणून मावशींसोबत मला जुंपलेलं. चौकशीच्या खिडकीत दिवा जळत होता, आत माणूस नव्हता. मी वैतागून घड्याळ बघतेय, तोवर मावशींनी खिडकीच्या गजांना तोंड लावून आतल्या खुर्चीला सांगितलं, की तिवस्याले जायचं हाये, लेकराचं काम हाये. थोडं थांबल्या. "बरं," म्हणाल्या, आणि मला हाताला धरून स्टँडच्या पार मागच्या कोपऱ्यात घेऊन गेल्या, जिथं मोडके बाक आणि कुत्री सोडून काही नसतं. मी काय काय बोलले ते इथं लिहीत नाही. पाचेक मिनिटांत तिवस्यावरून जाणारी नागपूरची गाडी तिथंच येऊन उभी राहिली. ड्रायव्हर स्वतःच चक्रावलेला. नेहमीच्या जागी खोदून ठेवलंय, आत्ताच इकडे लावायला सांगितलं, म्हणाला. मी मावशींना विचारलं, तुम्हाला कसं कळलं? त्यांनी माझ्याकडे जरा कीव आल्यासारखं बघितलं. मी त्यांच्या शेजारीच तर उभी होते, मग मला ऐकू कसं आलं नाही, असं त्यांना वाटलं असणार.

माझे यजमान महाविद्यालयात पदार्थविज्ञान शिकवतात, त्यामुळे आमच्या घरात प्रत्येक गोष्टीला कारण असावं लागतं. म्हातारी माणसं व्हरांड्यातल्या शिपायांचं बोलणं बरोबर टिपतात आणि ते आपल्याला आतून सुचलं असं त्यांना वाटतं, हे त्यांचं कारण. मलाही ते पटत होतं. पण जाऊबाईनं अकोल्याची एक गोष्ट सांगितली आणि माझं पटणं जरा डळमळलं. भावाच्या नातवाच्या वसतिगृहासाठी मावशी तिथल्या अधीक्षकांच्या खोलीत बसल्या होत्या. अधीक्षक दौऱ्यावर. त्यांची खुर्ची चाकांची, तोंड भिंतीकडे केलेली. मावशींनी बोलायला सुरुवात केली आणि खुर्ची हळूहळू वळून त्यांच्यासमोर आली, हे जाऊबाईनं दारातून स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलं. यजमान म्हणाले, पंख्याचा वारा. जाऊबाई म्हणाली, "भाऊजी, त्या दिवशी लाईट नव्हती." त्यावर यजमानांनी चहा मागितला.

घरात तर मावशी आल्या की खुर्च्यांना एकदम मान येतो. कोणी उठून गेल्यावर त्या जागेवर त्या लगेच बसत नाहीत. "बसू काय?" असं हळूच विचारतात, आणि कधीकधी काही न बोलता दुसरीकडे जाऊन बसतात. एका मे महिन्यात, म्हणजे आमच्याकडे भिंतीसुद्धा हात लावला तर भाजतात अशा दिवसांत, त्यांनी जेवणाच्या टेबलाजवळची एक खुर्ची अशीच सोडून दिली. यजमान हसले, आणि मुद्दाम त्याच खुर्चीवर जाऊन बसले. दोन घास खाल्ले असतील नसतील, ताट उचलून सोफ्यावर गेले. मी विचारलं, काय झालं? म्हणाले, काही नाही, पाठीला गार लागून राहिलं. आमचा कूलर तेव्हा दुरुस्तीला दिलेला होता. मावशी खाली मान घालून भाकर कुस्करत होत्या, आणि त्या रिकाम्या खुर्चीला त्यांनी विचारलं, "ठेचा तिखट झाला काय?" त्यानंतर आठवडाभर मी त्या खुर्चीकडे पाठ करून स्वयंपाक केला नाही.

हे सगळं हसण्यावारी नेता येत होतं, कारण आमचं स्वतःचं असं काही अडलेलं नव्हतं. मग गौरी दहावीत गेली. गौरी माझी मुलगी. बोलायला लागली की आख्खा इतिहास तोंडपाठ, आणि लिहायला बसली की कोरा कागद. अक्षरं उलटी, ओळी गाळलेल्या, आकडे अदलाबदल झालेले. शाळा म्हणे, मुलगी निष्काळजी आहे. आम्ही शिकवणी लावली, मग दुसरी शिकवणी लावली. शेवटी एका ओळखीच्या डॉक्टरीण बाईंनी सांगितलं, की हा आळस नव्हे, ही अध्ययन अक्षमता. अशा मुलांना बोर्डाच्या परीक्षेत जादा वेळ मिळतो, सांगेल ते लिहून घेणारी लेखनिक मिळते, सरकारचा तसा नियमच आहे. फक्त सरकारी दवाखान्याचं प्रमाणपत्र हवं, तेही परीक्षेचे अर्ज जायच्या आत. मला तर हायसं वाटलं. नियम आहे म्हणजे झालंच की, असं वाटण्याइतकी मी तेव्हा भोळी होते.

नियम होता, तो कोणाकडे राहतो तेवढं कोणालाच माहीत नव्हतं. शाळा म्हणाली कचेरीत विचारा, कचेरी म्हणाली दवाखान्यात विचारा, दवाखाना म्हणाला त्या दिवशी या ज्या दिवशी ते डॉक्टर असतात, आणि ते डॉक्टर कोणत्या दिवशी असतात हे डॉक्टरांनाच विचारा. मदतीच्या फोनवर एक गोड आवाज मला रोज रांगेत उभं करायचा आणि गाणं ऐकवायचा. यजमानांनी एक निळी फाईल केली. ती फाईल घेऊन आम्ही दोघांनी जे खेटे घातले, तेवढे लग्न जमवताना आमच्या आईबापांनीही घातले नसतील. गौरी तेवढ्या वेळात शिकवणीला. दिवाळी आली, अर्जांची मुदत जवळ आली, आणि गौरी बोलेनाशी झाली. आधी शाळेचं बोलणं बंद झालं, मग मैत्रिणींचं, मग जेवताना नुसतं हं आणि नाही. ही पोरगी हातातून चालली, एवढं मला दिसत होतं. रात्री झोप लागत नव्हती आणि दिवसा प्रत्येकाच्या अंगावर खेकसत होते.

मावशी अवेळीच आल्या, भर थंडीत. कोणी बोलावलं नव्हतं. पिशवी ठेवली, पाणी प्यायल्या, गौरीकडे बघितलं आणि मला म्हणाल्या, उद्या हिले घेऊन जाऊ. मी म्हटलं, मावशी, तिची शिकवणी बुडेल. त्या म्हणाल्या, बुडू दे. मी वाद घालायला तोंड उघडलं, पण खरं सांगते, माझ्यात भांडायचंही बळ उरलं नव्हतं.

शिक्षणखात्याच्या त्या जुन्या इमारतीत आम्ही तिघी पोचलो तेव्हा दुपारची जेवणाची सुट्टी झालेली. खालच्या मजल्यावर डब्यांचा वास होता, वरच्या मजल्यावर चिटपाखरू नव्हतं. मी तिथं आधी दहादा आले असेन. पण व्हरांड्याच्या टोकाची ती खोली मला कधी दिसली नव्हती, किंवा दिसली असेल आणि मी पुढे गेले असेन. दारावर पाटी, मार्गदर्शन व समुपदेशन कक्ष. आत एक टेबल, टेबलामागे खुर्ची, खुर्चीवर पांढरा टॉवेल, आणि टेबलावर झाकण ठेवलेला पाण्याचा ग्लास. नावाची पट्टी होती, तिच्यावर नाव नव्हतं. पंखा चालू होता. डिसेंबरात पंखा कोणाला लागतो, हा विचार माझ्या मनात आला आणि मी दारातच थांबले.

मावशी आत गेल्या, गौरीला शेजारी बसवलं, हात जोडले आणि सुरू झाल्या. पोट्टी हुशार हाये, लिवता येत नाई, मायबाप हिंडून राहिले, कोनी सांगत नाई. सगळं सांगून झाल्यावर मान तिरपी करून ऐकलं. मग गौरीकडे वळल्या.

"आता तू सांग. आमचं बोलनं नाई पायजे म्हन्ते त्यायले. तुयं पायजे."

मला वाटलं, आता पोरगी उठेल आणि रडत बाहेर येईल. गौरी खुर्चीकडे बघत राहिली. आणि मग कितीतरी दिवसांत मी ऐकला नव्हता तो तिचा आवाज ऐकला. अक्षरं जागेवर थांबत नाहीत, म्हणाली. एक ओळ धरली की वरची खाली येते. येत नाही असं नाही, सगळं येतं, पण कागदावर उतरेपर्यंत वेळ संपतो आणि बाई वही वर धरून वर्गाला दाखवतात. मग ती थांबली. आणि थांबून म्हणाली, "चौथीपासून." पुन्हा थांबली. "नाही, आईला नाही सांगितलं. तिला टेन्शन येतं." मला कळायला जरा वेळ लागला. ती उत्तरं देत होती. खोलीत पंख्याशिवाय कसलाही आवाज नव्हता, प्रश्न कोणी विचारत नव्हतं, आणि माझी मुलगी एकेका प्रश्नाचं नीट, शांतपणे उत्तर देत होती.

"हो," ती म्हणाली. मग अगदी हळू, "मी बोर्डाच्या पेपरला जाणारच नाही आहे. घरून निघीन, आणि स्टँडवर जी गाडी लागलेली दिसेल तिच्यात बसून जाईन. कुठंही."

मी दाराची चौकट घट्ट धरली. माझ्या पोटची पोरगी घर सोडून जायची तयारी करून बसली होती, आणि ते मला एका रिकाम्या खुर्चीमुळे कळत होतं. मला धावत जाऊन तिला कवटाळावंसं वाटत होतं आणि आत पाऊल टाकायची भीतीही वाटत होती. गौरी आणखी थोडा वेळ ऐकत बसली. मान डोलावली. मग उठली, वाकून नमस्कार केला, आणि माझ्याजवळ येऊन म्हणाली, "आई, दवाखान्यात फाईल नको नेऊ. मला ने. तपासायचं मला आहे ना."

झालं होतं हेच. दोन शिकलेली माणसं फाईल घेऊन गावभर फिरत होती, आणि जिचं काम तिला घरी ठेवलं होतं, शिकवणी बुडू नये म्हणून, तिला लाज वाटू नये म्हणून. ज्या ज्या टेबलाशी आम्ही गेलो, तिथं कागदाला कागद मिळाला.

परतताना ऑटोत मावशी सुपारी कातरत होत्या. वऱ्हाडातल्या खड्ड्यांत चालत्या ऑटोत अडकित्ता चालवणं हे त्यांचंच काम. गौरी माझ्या खांद्याला टेकली आणि म्हणाली, "त्या मॅडम किती हळू बोलतात ना." मी विचारलं, कोणत्या मॅडम? गौरीनं माझ्याकडे अगदी तसंच बघितलं, जसं मावशींनी बसस्टँडवर बघितलं होतं.

दुसऱ्या दिवशी तिला घेऊन दवाखान्यात गेलो. मुलगी समोर बघितल्यावर तिथल्या बाईंनी तारखा दिल्या, तीन-चार वेळा बोलावून तपासणी केली आणि मुदतीच्या आत प्रमाणपत्र हातात आलं. जादा वेळ मिळाला, नववीतली एक चुणचुणीत पोरगी लेखनिक म्हणून मिळाली. यजमानांनी पेढे आणले, आणि ते एकटेच त्या इमारतीत मॅडमचे आभार मानायला गेले. पदार्थविज्ञानाच्या माणसाला आभार मानायला समोर कोणीतरी लागतं. परत आले ते पेढ्यांचा पुडा तसाच घेऊन. तिथल्या शिपायानं त्यांना सांगितलं होतं, की इथं मॅडम नाहीत. बदली झाली का, तर तसंही नाही. पद मंजूर झालं तेव्हा टेबल-खुर्ची आली, पाटी आली. माणूस अजून आलाच नाही. आजवर एकदाही नाही. मग टॉवेल? टॉवेल दर सोमवारी धुवायला जातो, त्याची तरतूद आहे. आणि पाणी? यावर तो शिपाई म्हणे जरा घुटमळला. पाणी आपण ठेवतो, संध्याकाळी ग्लास रिकामा असतो, आपण कशाला विचारावं, असं म्हणाला. यजमान हे सांगताना एकदाही हसले नाहीत. मेलेल्या माणसाचं भूत मी समजू शकते. पण जी बाई कधी नेमलीच गेली नाही, तिनं माझ्या मुलीला इतकं मायेनं विचारावं, याचा मी काय अर्थ लावू? मी पेढे देवापुढे ठेवले आणि हात जोडले. कोणाला, ते मला अजून नीट सांगता येत नाही.

गौरीच्या शेवटच्या पेपरला मावशी मुद्दाम अकोल्याहून आल्या. परीक्षा केंद्रासमोरच्या रसवंतीत आम्ही दोघी बसून होतो. मार्चचं ऊन, उसाच्या चरकाचे घुंगरू वाजत होते, आणि सगळी मुलं बाहेर येऊन गेल्यावर जादा वेळ संपवून माझी मुलगी आली. घामाघूम, केस विस्कटलेले, आणि चेहरा असा की मला काही विचारावंच लागलं नाही. रसाचा ग्लास तिनं एका दमात संपवला. मग सहज, अगदी सहज, तिनं विचारलं, "आजी, तुम्ही कितवी शिकल्या?"

मावशींचा ग्लास तोंडाशीच थांबला. आयुष्यभर जिनं जगाला विचारलं, तिला हे विचारलेलं मी तरी कधी ऐकलं नव्हतं, आणि त्यांच्याकडे बघून वाटलं, की त्यांनीही नव्हतं. भाऊ शाळेत जात होता, म्हणाल्या. त्याचा डबा घेऊन दुपारी जायची मी. दारात उभी राहायची. गुरुजींनी कधी आत ये म्हटलं नाही, बापानं कधी जाते का म्हटलं नाही. मग लग्न झालं.

गौरी म्हणाली, की आता मोठ्या माणसांनाही घेतात, मुक्त शाळा असते, वयाची अट नाही. आमच्या या केंद्रातच तिची खिडकी आहे, मी येताजाता पाटी पाहिलीय. विचारून बघू का?

"नोको व माय," मावशी म्हणाल्या. "मले भेव लागते. नाई म्हनलं त?"

दोन जिल्ह्यांच्या कचेऱ्या हलवून सोडणारी ती बाई पिशवी छातीशी धरून बसली होती. गौरीनं मात्र तिच्या हातातला ग्लास काढून बाकावर ठेवला.

"तुम्ही बसा आजी. मी विचारते."

आणि ती निघालीसुद्धा. रस्त्याच्या मधोमध पोचली तोच मावशी धडपडून उठल्या आणि पाठीमागून तिला हाक मारली.

"गौरे! खुर्चीवर मानूस असंल तरच इचारजो, बाई."